पवनीहून निघताना पंचवीस वाक्यं

"मले त मराठीबी पुस्तकातली येत नाही, जपानी कोठून बोलनार?" मामी म्हणाली तेव्हा डिसेंबर संपत आला होता. तिची मुलगी नागोयाजवळ राहते, जावई तिथल्या एका कारखान्यात आहे आणि बाळंतपण मार्चात होतं. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना जपानचा व्हिसा फार तर नव्वद दिवसांचा मिळतो. म्हणजे तीन महिने मामी परक्या गावात राहणार. त्यात जावई दिवसभर कामावर आणि मुलगी काही दिवस दवाखान्यात. मामी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सारं आयुष्य धानाच्या बांधीत. हातात दहा आठवडे होते. त्या दहा आठवड्यांत आम्ही काय केलं आणि ते का जमलं, ते सविस्तर लिहितो. ज्यांच्या घरातून कुणी परदेशी निघालं असेल, त्यांना ते उपयोगी पडावं.

पहिली संध्याकाळ आम्ही एकही जपानी शब्द शिकलो नाही. वही काढली आणि मामीचा तिथला दिवस कसा जाईल ते लिहीत बसलो. सकाळी जिन्यात शेजारीण भेटेल. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध, मीठ, भाजी आणावी लागेल. दवाखान्यात नर्स काही विचारेल. घराची वाट चुकू शकते. कुणी बाळाला बघायला येईल. बाजारात मिळणारी संभाषणाची पुस्तकं विमानतळ, हॉटेल आणि टॅक्सीपासून सुरू होतात, आणि मामीला या तिन्ही ठिकाणी तोंड उघडायची वेळच येणार नव्हती. माणसं आणि जागा आधी ठरल्या, मग त्यांना लागणारी वाक्यं निवडली. ती पंचवीस झाली. शंभर पाठ करून ऐन वेळी एकही न आठवण्यापेक्षा पंचवीस अशी असावीत की झोपेतून उठवलं तरी तोंडातून निघतील, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रश्न आला तो वाक्यं लिहायची कशी. मुलीने मोबाइलवर काही वाक्यं इंग्रजी अक्षरांत पाठवली होती. ती मी बाजूला ठेवली. जपानीसाठी आपली देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी बरी, कारण जपानीचे स्वर पाचच आहेत: आ, इ, उ, ए, ओ. शब्दागणिक ते बदलत नाहीत. फक्त दोन खुणा ठरवून घ्याव्या लागतात. एक, आपला 'अ' त्या भाषेत नाही. तिथे 'आ' आहे, पण तोकडा. म्हणून आम्ही सगळीकडे 'आ' लिहिला आणि तो पटकन सोडायचा असं ठरवलं. दुसरी, स्वर लांबवायचा असेल तिथे अवग्रह घातला: 'ऽ'. मराठीत इ-ई आणि उ-ऊ या जोड्या लिहिण्यात आहेत, पण ए आणि ओ यांना र्‍हस्व-दीर्घ अशी जोडीच नाही. जपानीत आहे, आणि तिथे चूक झाली की अर्थच पालटतो.

याचं एक उदाहरण मामीच्या कामाचंच निघालं. जपानमध्ये गरोदर बाईला नगरपालिकेकडून एक छोटी पुस्तिका मिळते. तपासण्या, बाळाचं वजन, लसी, सगळं त्यात नोंदवतात, आणि दर वेळी ती दवाखान्यात न्यावी लागते. तिला म्हणतात 'बोशी तेचोऽ', आई आणि मूल यांची वही. 'बो' आखूड. तोच 'बो' लांबवून 'बोऽशी' म्हटलं तर अर्थ होतो टोपी. 'ओबासान्' म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि 'ओबाऽसान्' म्हणजे आजी. पन्नाशीच्या शेजारणीला आजी म्हणून चालणार नाही, हे मामीला समजावून सांगावं लागलं नाही.

लांबी कानाला कळावी म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. जपानी माणूस शब्द मात्रांनी मोजतो. आखूड अक्षराची एक टाळी, लांबवलेल्याची दोन, आणि शब्दातल्या सुट्या 'न्'चीसुद्धा स्वतंत्र एक. 'कोन्निचिवा' म्हणजे को-न्-नि-चि-वा, पाच. 'आरिगातोऽ' म्हणजे आ-रि-गा-तो-ओ, पुन्हा पाच. आपल्या मात्रावृत्तात लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरतात, तोच हिशेब. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूचा मूळ जपानी साचा पाच-सात-पाच आहे तोही याच मोजणीने. मामीला मात्रा हा शब्द ठाऊक नव्हता, पण ती वर्षानुवर्षं बुद्धवंदना म्हणत आली आहे. पालीतलं लांब-आखूड तिच्या जिभेवर पक्कं बसलेलं आहे. मी तिला म्हटलं, "मामी, पाली तुझी घरची भाषा नाही, तरी तू ती चुकत नाहीस. कशी शिकलीस?" ती म्हणाली, "आयकून. रोज म्हनून." तेच आम्हाला करायचं होतं.

इथे झाडीबोलीबद्दल बोलायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या बोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी उभा केला. या बोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण नाहीत. पाणी 'पानी' होतं, डोळा 'डोरा', काळा 'कारा'. आमच्याकडच्या किती पोरांना शाळेत यावरून ऐकून घ्यावं लागलं आहे. जपानीतही ण नाही आणि ळ नाही. ल सुद्धा नाही, एकटा 'र' सगळं काम करतो, आणि तोही जीभ टाळूला हलकेच टेकवून सोडलेला, आपल्या र आणि ल यांच्या मधला. ळ च्या जागी र म्हणणाऱ्या जिभेला तो पहिल्या दिवशी जमला. मात्र 'श' ने दमवलं. जपानीत 'सि' हा उच्चार नाही, 'शि' आहे. मीठ म्हणजे 'शिओ'. मामीचं ते 'सिओ' व्हायचं. तिला मी दात मिटून, ओठ थोडे पुढे काढून लेकराला गप्प करतात तसा "शूऽऽ" करायला लावला आणि त्याच्या शेवटी 'इ' जोडायला सांगितला. चार दिवसांत 'शिओ' आलं.

दुसरी एक गोष्ट मराठीने आपल्याला फुकट दिलेली आहे. आपल्याकडे 'च' दोन आहेत: 'चिमणी'तला एक आणि 'चूल'मधला दुसरा. लिहिताना दोन्ही सारखे, म्हणताना वेगळे. जपानीतही दोन्ही आहेत. 'कोन्निचिवा'मधला चिमणीचा आणि 'त्सुनामी'तला चुलीचा. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा चुलीचा च शब्दाच्या सुरुवातीला आणायला फार कष्ट पडतात. मामीला मी फक्त एवढंच म्हटलं, "चुलीतला च काढ." ज चंही तसंच. पाणी म्हणजे 'मिझु', त्यातला झु आपल्या 'जुना'मधल्या ज च्या जवळचा. आणि शब्दाच्या शेवटचा 'सु' बहुतेक वेळा गिळला जातो. लिहिताना 'देसु', ऐकू येतं 'देस्'. म्हणून वहीत आम्ही तो हलन्तच लिहिला.

मुलीने भिंतीवर लावायला जपानी अक्षरांचा तक्ता पाठवला होता. मामीला लिपी शिकवायचा माझा विचार नव्हता, पण तो तक्ता मी तिला वाचून दाखवला. आधी स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तिने लगेच विचारलं, "हे त आपलंच नाही का?" खरंच आपलंच आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र लिहिण्यासाठी सिद्धम् ही भारतीय लिपी जपानात घेऊन गेले, आणि तिचा अभ्यास करणाऱ्या जपानी पंडितांनी हजारएक वर्षांपूर्वी आपली अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडली. क-वर्गानंतर च-वर्गाच्या जागी 'सा' येतो, कारण जपानी स चा जुना उच्चार च च्या जवळचा असावा असं अभ्यासक मानतात. 'हा' हा प-वर्गाच्या जागी बसला आहे, कारण तो पूर्वी 'पा' होता. नारा शहरातल्या तोऽदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी 752 साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. ते 736 साली समुद्रमार्गे जपानात पोहोचले होते. हे ऐकल्यावर मामीची भीती निम्मी झाली. ज्या गावात जगन्नाथ टेकडीवर 1969-70च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला, त्या गावच्या बाईला जपान काही अगदीच परकं वाटू नये.

आता वाक्याची बांधणी. मी सगळ्यांना सांगतो की मराठी माणसाने जपानीकडे इंग्रजीतून जाऊ नये. इंग्रजीतून गेलं की वाक्य आधी मोडावं लागतं आणि पुन्हा जोडावं लागतं. मराठीतून गेलं की शब्दाला शब्द ठेवला तरी भागतं. क्रियापद शेवटी. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे: 'मुसुमे नो उचि', मुलीचं घर. 'कारा' म्हणजे पासून, हून: 'पाउनि कारा किमाशिता', पवनीहून आले. पवनी त्यांच्या अक्षरांत पा-उ-नि असं तीन अक्षरांत सहज बसतं. आणि प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी नुसता 'का' जोडायचा. 'इकिमास्' म्हणजे जाता. 'इकिमास् का' म्हणजे जाता का. मामीला हे खरं वाटेना. तिने मुलीला फोन लावून विचारलं. दुजोरा हवा असेल तेव्हा आपण 'ना' जोडतो, ते 'ने' जोडतात: 'सामुइ देस् ने', थंडी आहे ना. हा 'ने' शेजाराशी बोलताना फार कामाचा. समोरचा काही म्हणाला आणि त्याच्या शेवटी 'ने' ऐकू आला, की तो आपल्याकडून होकार मागतो आहे एवढं तरी कळतं. तेव्हा 'हाइ' किंवा 'सोऽ देस् ने', हो ना, म्हणायचं. हा 'हाइ' म्हणजे दर वेळी होकारच असतो असं नाही. गोष्ट ऐकताना आपण हुंकारा देतो, 'ऐकतोय, पुढं सांगा', तसाही तो असतो.

घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो 'इत्ते किमास्'. शब्दशः अर्थ जाऊन येतो. घरातलं माणूस उत्तर देतं 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. आपल्याकडेही घरातून निघताना नुसतं 'जातो' म्हणत नाहीत. हे वाक्य पाठ करायला मामीला एक मिनिटही लागलं नाही. परत आल्यावर 'तादाइमा', आणि घरच्यांचं 'ओकाएरि'.

मानाचंही बरंच जमतं. 'सान्' नावाच्या मागे लावायचा तो आपल्या जी, ताई, राव यांच्यासारखा, पण स्वतःच्या नावाला कधी लावायचा नाही. आपली मुलगी 'मुसुमे', दुसऱ्याची 'मुसुमे-सान्'. इथे मराठीपेक्षा वेगळं पडतं. आपण परक्यांपुढेही "माझे वडील आले" असं आदराने म्हणतो. जपानी माणूस बाहेरच्यांपुढे घरच्यांना साधंच संबोधतो. आणि पुस्तकात 'तुम्ही' साठी 'आनाता' हा शब्द दिलेला असतो, तो मामीला मी वापरूच दिला नाही. एक तर समोरच्याला तोंडावर 'तुम्ही' म्हणणं तिथे थोडं उद्धट वाटतं, नाव घेऊन 'सान्' लावतात किंवा काहीच म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे बायका नवऱ्याला 'आनाता' म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं. मामीने आयुष्यात मामाचं नाव घेतलेलं नाही. तिला हा नियम लगेच कळला.

पंचवीसमधली पहिली सहा अशी होती. 'सुमिमासेन्': माफ करा, जरा ऐकता का, थोडी वाट द्या, तुम्हाला त्रास झाला. चारही ठिकाणी हेच. एकच शब्द नेता येणार असेल तर हाच न्यावा. 'आरिगातोऽ गोझाइमास्': आभार. 'ओनेगाइ शिमास्': एवढं करा, विनंती आहे. वस्तूवर बोट ठेवून 'कोरे, ओनेगाइ शिमास्' म्हटलं की दुकानातली अर्धी कामं होतात. 'वाकारिमासेन्': समजलं नाही. 'मोऽ इचिदो': पुन्हा एकदा. 'युक्कुरि': सावकाश. या शेवटच्या तिघांना मी फार मान देतो. आपल्याला भाषा येत नाही हे न लाजता आणि त्यांच्याच भाषेत सांगणारे हे शब्द आहेत, आणि ते ऐकले की समोरच्याचा चेहरा मऊ होतो.

पण प्रश्न विचारणं सोपं असतं, फजिती उत्तराने होते. 'तोइरे वा दोको देस् का', संडास कुठे आहे, असं नीट विचारलं की समोरचा समजतो हिला भाषा येते, आणि भरभर बोलू लागतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाबरोबर त्याची येऊ शकणारी उत्तरंही आम्ही शिकलो, बोलण्यासाठी नाही, फक्त ओळखण्यासाठी. वाटेसाठी चार: 'मिगि' उजवीकडे, 'हिदारि' डावीकडे, 'मास्सुगु' सरळ, 'आसोको' तिकडे. दुकानात तर उलटंच असतं. आपण काहीच विचारत नाही, दुकानदार विचारतो. 'फुकुरो वा इरिमास् का', पिशवी हवी का. 1 जुलै 2020 पासून जपानात प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे द्यावे लागतात, म्हणून हा प्रश्न दर वेळी येतो. 'आताताममास् का' असं काहीसं ऐकू आलं की समजायचं, गरम करून देऊ का म्हणतो आहे. नीट शब्द 'आतातामेमास् का', पण मामीला मी मुद्दाम घाईतला उच्चारही ऐकवला, कारण गल्ल्यावर तोच कानी पडतो. दोन्हीचं उत्तर 'दाइजोऽबु देस्', म्हणजे राहू द्या, चालेल. आणि कुणी वाक्य अर्धवट सोडून 'चोत्तो...' एवढंच म्हणालं, तर ते 'नाही' आहे. आपल्याकडे "बघू" म्हणतात ना, तसं.

मोबाइलमधलं भाषांतर वाईट नाही. औषधाच्या पाकिटावरचं वाचायला ते हवंच. पण जिन्यात शेजारीण भेटली आणि मामी मोबाइल काढून त्यात बोलायला लागली, तर दोघींचं लक्ष मोबाइलकडे जाईल आणि ओळख तिथेच राहील. 'ओहायोऽ गोझाइमास्', सकाळचा नमस्कार, एवढंच म्हणून मान लववली, तरी दुसऱ्या दिवशी ती शेजारीण स्वतःहून बोलते.

आकड्यांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि ते सगळ्यात सोपे निघाले. मराठीत एक ते शंभर म्हणजे शंभर वेगळे शब्द, एकोणऐंशी आणि त्र्याऐंशी यांत मोठी माणसंही अडतात. जपानीत दहा शब्द पाठ केले की नव्व्याण्णवपर्यंत गाडी जाते. इचि, नि, सान्, योन्, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. तेवीस म्हणजे नि-जू-सान्, दोन दहा तीन. बेचाळीस म्हणजे योन्-जू-नि. शंभर 'ह्याकु', हजार 'सेन्'. दहा हजाराला मात्र त्यांचा वेगळा शब्द आहे, 'मान्'. आपली मोठी मोजणी लाखावर जाते, त्यांची मान् वर. एक लाख म्हणजे दहा मान्, 'जू-मान्'. दुकानातली किंमत बहुतेक हजाराच्या आत असते, तेव्हा मामीने मान् फक्त ओळखायला ठेवला.

खाण्यापिण्याच्या वाक्यांवर फार वेळ घालवला नाही. 'बुतानिकु देस् का', हे डुकराचं मांस आहे का, आणि 'ग्यूनिकु देस् का', गाईचं आहे का, एवढी दोन पुरली. मासे मामी खाते. भाताचं तर विचारायलाच नको. शेतातलं धान 'इने', तांदूळ 'कोमे', शिजलेला भात 'गोहान्'. तीन गोष्टींना तीन शब्द, आपल्यासारखेच, कारण दोघंही धानाची माणसं. इंग्रजीला हे तिन्ही एकाच शब्दात कोंबावे लागतात.

अडचणीच्या वेळची वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली. 'इताइ देस्', दुखतंय. 'तासुकेते कुदासाइ', मदत करा. रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 110. 'क्यूक्यूशा ओनेगाइ शिमास्', रुग्णवाहिका पाठवा. घरचा पत्ता जपानीत लिहिलेली चिठ्ठी मुलीकडून मागवून प्लास्टिकच्या पाकिटात घातली. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाजवळ अशी चिठ्ठी असावी. पत्ता तोंडाने सांगायच्या फंदात पडू नये.

पाठांतराची रीत साधी होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवसात सगळ्यात वेगाने विसरतं, पण मध्ये दिवस सोडून पुन्हा पुन्हा उजळणी केली की ते कमी श्रमात पक्कं होतं, असं त्यातून दिसलं. म्हणून आठवड्याला तीनच नवी वाक्यं. आज शिकलेलं संध्याकाळी, मग उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. वही बघून वाचायचं नाही. मी मराठीत प्रसंग सांगायचा, "मीठ हवंय," आणि तिने जपानीत म्हणायचं. उच्चारासाठी मुलीने तिथल्या एका शेजारणीच्या आवाजात वाक्यं मोबाइलवर पाठवली, एकेक वाक्य दोनदा: एकदा सावकाश, एकदा रोजच्या वेगाने. बाईच्या आवाजातली मुद्दाम मागवली, कारण जपानीत बाई-पुरुषांच्या बोलण्याच्या धाटणीत फरक असतो आणि माझा आवाज ऐकून मामी पुरुषासारखं बोलायला लागली असती.

जानेवारीच्या शेवटी उन्हाळी धानाची रोवणी लागली. मला वाटलं आता अभ्यास बंद पडणार. झालं उलटच. चिखलात रांगेने वाकलेल्या बायकांत मामी मोठ्याने म्हणायची 'सुमिमासेन्', आणि रांगेतली दुसरी म्हणायची "काय झालं वो?" मग मामी अर्थ सांगायची. रोप लावायचा हात एका लयीत चालतो, त्या लयीवर ती मात्रा मोजायची. आ-रि-गा-तो-ओ, पाच रोपं. आठवडाभरात त्या बांधीतल्या सहा-सात जणींना जपानीत आभार मानता येऊ लागले. शिकलेलं दुसऱ्याला सांगितलं की ते पक्कं होतं, हे मी वाचलं होतं. त्या बांधावर ते डोळ्यांनी बघितलं.

पवनीजवळ रुयाड-सिंदपुरीला महासमाधी भूमी ही बौद्ध स्तूपाची जागा आहे. तिचं जपानशी जुनं नातं आहे, आणि फेब्रुवारीतल्या महोत्सवाला जपानी भिक्षू आणि उपासक येतात. मामीची परीक्षा तिथे घ्यायची असं आम्ही ठरवलं होतं. स्तूपाच्या पायऱ्यांजवळ साठीची एक जपानी बाई उभी होती. मामी पुढे गेली, हात जोडले, मान लववली, 'ओहायोऽ गोझाइमास्' म्हणाली. त्या बाईने आनंदाने लांबलचक काहीतरी विचारलं. मामी गोंधळली. माझ्याकडे वळून बघणार होती, पण तेवढ्यात तिला आठवलं. 'युक्कुरि ओनेगाइ शिमास्.' ती बाई थांबली, हसली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, 'दोचिरा... कारा... देस् का.' मामीने 'कारा' पकडला आणि शेवटचा 'का' पकडला. बाकी काही कळायची गरजच नव्हती. 'पाउनि कारा किमाशिता.' मी तेव्हा मामीचा चेहरा बघत होतो. रोवणी संपवून बांधावर उभं राहिल्यावर असतो तसा तो झाला होता.

देश बदलला की मेहनतीची जागाही बदलते, हे इथे सांगून ठेवतो. आमच्याकडचे बरेच लोक श्रीलंकेतल्या अनुराधपुराला जातात. सिंहली आपल्याच कुळातली भाषा. एक, देक, तुन, हतर, पह अशी तिची मोजणी, आणि आभाराला 'इस्तुती', म्हणजे आपली स्तुतीच. तिथे शब्द ओळखीचे वाटतात, कानाला फक्त सवय लागते. थायलंडला जाणाऱ्याने मात्र आधी सूर ऐकावेत, कारण तिथे सूर बदलला की शब्द बदलतो. वाक्याच्या शेवटी पुरुषाने 'ख्राप्' आणि बाईने 'खा' म्हणायचं हे आपल्याला जड जात नाही. 'जातो' आणि 'जाते' आपण रोजच म्हणतो.

मामी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली. तिच्या खबरी मोबाइलवर येत राहिल्या. पहिल्या दिवशी तिने एकटीने मीठ आणलं. पिशवीचा प्रश्न कळला, गरम करण्याचा आला नाही. शेजारणीने जिन्यात 'सामुइ देस् ने' म्हटलं आणि मामीने 'सोऽ देस् ने' म्हणून उत्तर दिलं. बाळंतपणाच्या रात्री जावई कागद भरत असताना नर्स बाहेर आली आणि मामीकडे बघून म्हणाली, 'ओन्ना नो को देस् यो.' ओन्ना म्हणजे बाई, को म्हणजे मूल, आणि मधला 'नो' तिला डिसेंबरपासून ठाऊक होता. जावयाने मान वर करायच्या आत मामीला कळलं होतं की मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला आवाजात निरोप पाठवला. मागे बाळ रडत होतं. शेजारीण 'ओमेदेतोऽ', अभिनंदन, म्हणायला आली होती, बाळाला 'कावाईऽ' म्हणाली, गोड आहे. तो शब्द 'कोवाइ' झाला तर अर्थ भीतिदायक होतो हे मी बजावलं होतं, म्हणून मामीने उलट तो उच्चारायचं धाडस केलं नाही, नुसती मान डोलावली. पण तिला काही सांगायचं होतं, आणि ते आमच्या पंचविसांत नव्हतं. "बाबू, पोरगी माह्यावर गेली असं कसं म्हनाचं?"

मी चौकशी करून वाक्य पाठवलं. सव्विसावं. 'वाताशि नि निते इमास्': माझ्यासारखी आहे. सोबत लिहिलं, शेवटचा सु गिळायचा, आणि 'निते' मधला 'ते' लांबवायचा नाही.